नर झाडाची पारख

बाबांची सगळी नोकरी नागपूरकडे एक्साइज खात्यात गेली. तुरीच्या शेतात लपवून लावलेली गांजाची झाडं हुडकायची, उपटायची आणि जाळायची. आणि मी, त्यांची एकुलती एक लेक, मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच झाडांची पैदास करते. आमचं वाण नशा न चढणारं, औषधी तेलासाठीचं आणि कायदेशीर. तेल राळेतून निघतं, म्हणून फुलांवर भरपूर राळ धरणारी झाडं निवडून त्यांचा संकर करायचा, हे माझं काम. फोनवर हे मी बाबांना शंभरदा समजावलं होतं. तरी कुणी विचारलं की ते "मुलगी शेतीत रिसर्च करते" एवढंच सांगून मोकळे व्हायचे.

यंदा ते श्रूजबरीला माझ्याकडे राहायला आले. लायब्ररी आवडली, देवळातली मंडळी आवडली. ग्रीनहाऊसचं नाव काढलं की मात्र त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. परतीचा दिवस जवळ आला तसा माझा धीर सुटत चालला. माझं काम त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच मला हवं होतं. पण पुन्हा म्हणून विचारवेना; हा ताठा त्यांच्याकडूनच आलेला.

रविवारी सकाळी भाजी घेऊन येताना मला ग्रीनहाऊसवर थांबावं लागलं. नर झाडांचे पराग उडायच्या आत ती काढायची होती, नाहीतर माद्यांना बी धरतं आणि राळ कमी होते. "मी गाडीतच बसतो," बाबा म्हणाले. मला राग आला. मी एकटीच आत गेले आणि रागारागात झाडं ओढू लागले.

"अगं, अशी उपटतात का? खोडाला खालून धर."

बाबा मागे उभे होते. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि एकेक झाड असं अलगद काढलं की मातीसुद्धा सांडली नाही. एका झाडाला हात घालणार, तोच मी त्यांना अडवलं.

"हे राहू द्या बाबा. याला वेगळ्या खोलीत ठेवायचंय, बियाण्यासाठी."

"पण नरावर कुठे एवढी राळ असते? मग पारख कशी करता?"

"त्याच्या मुलींवरून. मुली वाढवून बघायच्या. त्यांच्यावर चांगली राळ धरली, तर बाप चांगला."

बाबा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मुली दाखव."

मी भिंग दिलं. एका मादीच्या फुलावर ते कितीतरी वेळ वाकून होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नागपूरहून काका होते.

"लेकीच्या ग्रीनहाऊसमध्ये आहे," बाबा म्हणाले. "गांजाची झाडं बघतोय. हो, गांजाचीच. हसू नको, आधी ऐक. आमची पोरगी काय करते, ते नीट सांगतो तुला."

आणि ते सांगत राहिले. मी पाठ फिरवली आणि पोटभर रडून घेतलं.