सात प्रवाशांचा अर्ज

आमच्या गावातली दोनशे माणसं एका सकाळी धुतलेले कपडे घालून महामार्गावर उभी राहिली आणि त्याचा ताप पुढे मला झाला. ही गोष्ट मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसावं. मीही हसते. पण मी त्या वेळी नववीत होते, आणि त्या दोनशेंत मीही होते.

गाव धुळ्याहून येताना सोनगीरच्या पुढे, महामार्गापासून थोडं आत. शिरपूरकडून धुळ्याला जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरून धूळ उडवत जायच्या, थांबायच्या नाहीत. थांबायच्या त्या सोनगीरला. म्हणजे साडेतीन किलोमीटर पायी, आणि तेही ट्रकांच्या बाजूनं. गावात शाळा दहावीपर्यंत. पुढचं शिकायचं तर धुळे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकदाच सांगून ठेवलं होतं की फाट्यावर गाडी थांबली तर जायचं, हायवेवर पायी जायचं नाही. आबा शब्दाला पक्के. त्यामुळे माझं कॉलेज एका थांब्याला टांगलेलं होतं, आणि हे आबा सोडले तर गावात मला एकटीलाच ठाऊक होतं.

थांब्यासाठी गावानं एस.टी.च्या आगाराकडे अर्ज केला होता. अर्ज नानांनी लिहिला. नाना म्हणजे गावातले जुनी फायनल, म्हणजे जुन्या काळची सातवी, झालेले बुजुर्ग. अक्षर मोत्यासारखं, आणि गावाचा कुठलाही कागद त्यांच्या हातून गेल्याशिवाय सरकारकडे जायचा नाही, अशी पद्धत. त्यांच्या अर्जात पहिलं अर्धं पान नमस्कारात जायचं. मग आम्ही गोरगरीब, अडाणी, आपली लेकरं. मग मायबाप, दया करा. आणि शेवटी एक आकडा. या अर्जात त्यांनी लिहिलं होतं की फाट्यावर रोज दोनशे प्रवासी ताटकळत उभे राहतात.

आगारानं काय करावं, खरंच माणूस पाठवला. सकाळच्या दोन गाड्या फाट्यावर थांबवून प्रवासी मोजायचे, असं ठरलं. निरोप आदल्या दिवशी आला. लगेच घरोघर सांगणं झालं. कापसाची वेचणी सोडून माणसं आली, म्हाताऱ्या आल्या, कडेवर लेकरं घेऊन बाया आल्या. फाट्यावर जत्रा. मी आबांच्या मागे उभी होते, केसांना तेल लावून.

गाडी आली, थांबली, दार उघडलं. आणि कोणी हललं नाही. कारण उभं राहायला सांगितलं होतं, जायला कोणी सांगितलं नव्हतं. धुळ्याला कोणाचं काय काम होतं? दूधवाले, कापडाच्या दुकानात कामाला असलेला एक जण आणि कॉलेजची पोरं तेवढी चढली. दुसऱ्या गाडीला तीही नव्हती. आगाराच्या माणसानं शांतपणे वही मिटली. महिन्याभरानं उत्तर आलं, एका ओळीचं. प्रत्यक्ष पाहणीत उभे असलेले दोनशे, चढलेले सात, सबब थांबा देता येत नाही.

गावाला राग आला तो आगाराचा. वहीतला आकडा खोटा होता असं कोणी म्हटलं नाही.

दहावीत आम्हाला मराठीला नवे सर आले. ते जळगावकडचे, केळीच्या बागांच्या भागातले. त्यांची बोली आमच्याहून वेगळी, त्यामुळे पहिले आठ दिवस आम्ही मागच्या बाकांवर त्यांची नक्कल करण्यात घालवले. त्यांनी ओळखलं, पण रागावले नाहीत. एक दिवस ते पिशवीभर कागद घेऊन आले. निवडणुकीची पत्रकं, कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती, ताकदीच्या औषधाचं भेंडोळं, कुठल्याशा यात्रेचं आवाहन. बाकाबाकावर वाटले आणि म्हणाले, यात कारण कुठलं आहे आणि आरडाओरडा कुठला आहे ते शोधा. कारणाखाली सरळ रेघ, आरड्याखाली नागमोडी.

माझ्या वाट्याला बियाण्याचा कागद आला. त्यात मला एकही सरळ रेघ मारता आली नाही. मला वाटलं, माझंच चुकतंय. छापलेलं म्हणजे खरं, असंच आम्ही समजत होतो. मी भीत भीत कागद दाखवला. सर म्हणाले, बरोबर आहे.

तो दिवस मला दिवाळीसारखा आठवतो. इतके दिवस निबंध म्हणजे पाठ करून उतरवायचा, सुंदर वाक्यं पेरायची. आता कळलं की कागदावर माणसं काहीतरी आपल्याकडून करून घ्यायला बघतात, आणि कसं बघतात ते पकडता येतं. मी घरीही नागमोडी रेघा मारायला लागले. आत्यानं सांगितलं की शेजारची सून पायगुणाची नाही, मी विचारलं, कशावरून. काका म्हणाले, अख्खं गाव असं म्हणतं, मी विचारलं, गावातलं कोण. आई वैतागून म्हणाली, "घरमा कोरट मांडेल शे हाई पोरनी." चुलतभाऊ मला वकिलीणबाई म्हणायला लागले, आणि त्यांना वाटायचं की मी चिडेन. मला ते नाव आवडायचं.

सरांची दुसरी एक शिस्त होती. काहीही पटवून द्यायचं असेल तर पान मधोमध दुमडायचं. डावीकडे समोरचा काय म्हणेल ते आधी लिहायचं, आणि इतकं चांगलं लिहायचं की तो वाचून म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. मग उजवीकडे आपलं. आम्हाला हे मूर्खपणाचं वाटायचं. भांडायला जाताना दुसऱ्याच्या हातात दगड कोण देतो? पण सर डावी बाजू कच्ची दिसली की उजवी वाचायचेच नाहीत, वही परत.

मग त्यांनी एकदा नानांचा अर्ज फळ्यावर उतरवला. खालची सही तेवढी घातली नाही. पण वर्गात सगळ्यांनी ओळखला. पोरं एकमेकांना कोपर मारायला लागली. सरांनी विचारलं, यात कारण किती. मी उभी राहिले.

"एकच आहे, सर. आणि ते खोटं आहे."

"कशावरून?"

"मी त्या दिवशी फाट्यावर होते. मला कुठंच जायचं नव्हतं."

वर्ग हसला नाही, हे माझ्या अजून लक्षात आहे.

संध्याकाळपर्यंत हे नानांच्या कानावर गेलं. ते स्वतः आमच्या अंगणात आले, खाटेवर बसले नाहीत, उभ्याउभ्याच आबांना म्हणाले, "तुन्ही आंडेर शाळामा मन्हा अर्जले हासस." आबांची मान खाली गेली. आपली मुलगी थोरामोठ्याला हसते, यापेक्षा मोठी लाज त्यांना माहीत नव्हती. मी चुलीपाशी होते. बाहेर येऊन मी म्हटलं की मी हसले नाही नाना, मी फक्त चूक दाखवली. हे तर आणखीच वाईट झालं.

नाना म्हणाले, मग तूच लिही. टोमणाच होता तो. मी तो हुकूम समजले.

परीक्षा संपली आणि मी पान दुमडलं. डावीकडे आगाराचं म्हणणं. गाडी लांबची आहे, वेळ मोडेल. प्रवासी थोडे. एका गावाला दिला तर प्रत्येक फाटा मागेल. या गावानं एकदा फसवलं आहे. ही शेवटची ओळ मला गाळावीशी वाटली, पण तीच सगळ्यात बळकट होती.

उजवीकडे काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी घरोघर गेले. धुळ्याला रोज कोण जातं? दोन दूधवाले, चार कॉलेजची पोरं, आणि एक जण कापडाच्या दुकानात कामाला. सात. आगाराच्या माणसानं बरोबरच मोजलं होतं. मग मी आणि वर्गातली एक मैत्रीण तीन सकाळी फाट्यावर जाऊन बसलो, तिच्या भावाचं घड्याळ घेऊन. फाट्याच्या पुढे लगेच एक अरुंद पूल आहे. समोरून ट्रक आला की गाडी अलीकडे उभी राहायची, ट्रक निघून गेला की पुढे. म्हणजे गाडी थांबतच होती. फक्त दार उघडत नव्हतं.

अर्ज एका पानाचा झाला. त्यात मायबाप नव्हतं. पहिल्याच ओळीत लिहिलं की मागच्या अर्जातला आकडा चुकीचा होता. आज सात जण जातात, थांबा झाला तर आम्ही दोघी आणखी जाऊ. गाडी पुलाअलीकडे तशीही उभी राहते, तिथेच थांबा द्यावा. तीन महिने देऊन पाहावा, वाहकाच्या कागदावर चढणारे उतरणारे दिसतीलच, नसतील तर काढून घ्यावा.

पंचायतीच्या ओट्यावर तो वाचून दाखवला तेव्हा हशा पिकला. अर्जात गावाची चूक कबूल करायची, ही गोष्टच कोणाला कळेना. एकानं सुचवलं की निदान सत्तर तरी लिही, सातावर एक शून्य, हात थोडाच दुखेल. नाना म्हणाले, "दोनशे लिखं तवय गाडी थांबनी नही, सातले कोन इचारस?" आणि म्हणाले की यावर गावाची सही होणार नाही. गाव खोटं ठरतं.

मी म्हटलं, गावाची नको. जे जातात त्यांची द्या. आणि सात सह्या मिळवल्या. दोन त्यांतले अंगठे. आठवी माझी, नववी मैत्रिणीची.

आगारात मला आबा घेऊन गेले. का आले ते मला आजही नीट सांगता येत नाही. नाना चुकले असं ते कधी म्हणाले नाहीत. आगाराच्या साहेबांनी अर्ज वाचला, पहिल्या ओळीपाशी परत आले, पुन्हा वाचला. मग आबांकडे बघून म्हणाले, चांगला लिहिलाय तुम्ही.

आबा म्हणाले, "मले लिखता येत नही, साहेब. हाई तिनीच लिखेल शे."

असं ते मान वर करून म्हणाले. साहेबांनी मग मला विचारलं की तीन महिन्यांनी माणसं कमी भरली तर काय. मी म्हटलं की काढून घ्या, तसं लिहिलंच आहे. ते म्हणाले की असं लिहून देणारा माणूस पहिल्यांदा बघतोय. मी सांगितलं, सर म्हणतात डावी बाजू आधी लिहायची. त्यांना काही कळलं नाही.

जूनमध्ये थांबा झाला. सकाळी एक गाडी, संध्याकाळी एक. मी अकरावीला धुळ्याला जायला लागले. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी पहिली मी, आणि हे मी कोणी विचारल्याशिवायही सांगते.

पण तीन महिने तीन महिनेच असतात. सकाळी नऊ चढायचे. संध्याकाळी मात्र दूधवाले दुपारीच परतलेले, दुकानवाला उशिरा येणारा, पोरं सोनगीरला उतरून चहा पीत बसणारी. फाट्यावर आम्ही दोघीच उतरायचो. गावातून सूचना आल्या. रोज चार जणांनी सोनगीरहून तिकीट काढून फाट्यावर उतरायचं, कंडक्टरच्या कागदावर सहा दिसतील. ओट्यावर तर पाळ्याही ठरल्या. मी जाऊन सांगितलं की असं केलंत तर मी स्वतः आगाराला कळवीन. त्यावर मला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. एक काकू म्हणाल्या, तुझ्याच भल्याचं करतोय ना. होतं माझ्याच भल्याचं. तरी नाही म्हटलं. तोंडानं सात म्हणायचं आणि पाठीमागून माणसं उभी करायची, तशी उभी मी एकदा राहिले होते, केसांना तेल लावून.

सप्टेंबरात आगाराचा कागद आला. सकाळचा थांबा कायम. संध्याकाळचा बंद. एका ओळीत, आणि ती ओळ खरी होती.

मैत्रिणीचं कॉलेज त्याच आठवड्यात सुटलं. तिच्या घरचे म्हणाले की अकरावीचं अर्धं वर्ष झालं, पुष्कळ झालं. ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं होतं की चार खोटी तिकिटं काढली असती तर दोघी शिकलो असतो. तिची बाजू मी कितीही वेळा लिहून पाहिली तरी ती पक्कीच निघते.

त्या संध्याकाळी आबा अंगणात बैलांना कडबा टाकत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की गाडी थांबायची अट होती, अट मोडली. आता हायवेनं साडेतीन किलोमीटर, दिवस लहान होत चाललेत. सगळं खरं होतं. मी मनात पान दुमडलं नाही. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे पुष्कळ काही होतं, पूल होता, मार्क होते, सरांचा शब्द होता. मी त्यातलं काहीच काढलं नाही.

"मी जासू, आबा," एवढंच म्हटलं. जाणार.

त्यांनी कडबा टाकून संपवला. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सोनगीरला उतरले, दप्तर छातीशी धरलं आणि ट्रकांच्या उलट्या बाजूनं चालायला लागले. पुढची पाच वर्षं चालले, बी.ए.चा शेवटचा पेपर देऊन आले त्या दिवसापर्यंत. ओट्यावरून कोणी ना कोणी विचारायचंच, पायी का, वकिलीणबाई? मी म्हणायची, हो, पायी.