रिकामी बाटली परत देऊ नये

यवतच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आत बसायच्या आणि मी बाहेर, लाल झाकणाच्या बाटल्या वाटायला. माणूस घरी काय वाटेल ते लपवील, पण लघवीची बाटली हातात आली की त्याचं सगळं बाहेर पडतं. किस्से मला गोळा करावे लागले नाहीत, तेच चालत आले.

बाईंचा नियम एकच. लघवीला जळजळ म्हणून कोणी आलं की आधी बाटली. त्यात पट्टी बुडवायची, चहाला उकळी येईपर्यंत रंग बदलतो, लागण झालीय का ते कळतं. मग बाटली पुण्याच्या लॅबला, कुठल्या गोळीनं तो जंतू मरतो ते बघायला.

*

धोंडिबा आप्पांनी मेंढरं सोडून ऊस लावलेला, पण अक्कल मेंढरांच्या वाड्यातच ठेवलेली.

"सुई न्हाई तर डॉक्टर कसला? आमच्या मेंढरांचा डॉक्टर न विचारता टोचायचा."

"मेंढरांना बाटली धरता येत न्हाई, आप्पा. तुम्हाला येती. व्हा आत."

बाहेर आल्यावर म्हणाले, "मेंढरू सुखी."

*

कमलला दोन दिवसांत बरं वाटलं. उरलेल्या गोळ्या तिनं शेजारच्या शोभाला दिल्या, तिलाही जळजळ होती म्हणून. शोभा तापानं फणफणली, कमलची जळजळ परत आली. दोघी एकाच बाकड्यावर.

"आमचं सगळं सारखं हाय, मावशी. साड्यासुदिक अदलाबदली करतो."

"जंतूला साडी नेसवायची न्हाई, मारायचाय."

पुण्याच्या रिपोर्टात दोघींना वेगळ्या गोळ्या निघाल्या. एवढंच वेगळं निघालं म्हणून दोघी रुसल्या.

*

बाटल्या घातलेला बर्फाचा डबा पुण्याला एसटीनं जायचा. नव्या ड्रायव्हरनं तो देवाच्या फोटोखाली ठेवला, उदबत्ती ओवाळली. "मावशी, तीर्थ कुठलं?"

"गावातलंच. उघडू नका."

*

आता सगुणाबाई. पाटसकडच्या. सून मंदाला घेऊन आल्या. मंदा पोटुशी, अंगात ताप, कंबर धरून बसलेली. पहिलं पोर असल्याच तापात पोटातच गेलेलं, म्हणून सासू आमच्यावरच डोळे वटारून.

बाटली आली. पट्टीचा रंग बदलला नाही. बाई चक्रावल्या. "मग हिला ताप कशाचा?"

मी मंदाकडं बघितलं. पोरगी बाकड्यावरून उठलीच नव्हती.

"सगुणाबाई, बाटली कुणी भरली?"

"मी. पोरीला तापात कशाला तरास? आन् घरात थोरली कोण हाय?"

बाईंनी कपाळाला हात लावला. सगुणाबाई उलट खूश. "म्हंजी माझं साफ हाय न्हवं? मग माझी बाटली द्या माघारी, आळीत दाखवते." पदराखाली घालून घेतलीच.

मी सासूला दटावून बसवलं, मंदाला धरून आत नेलं. ह्या खेपेला पट्टीनं रंग बदलला. बाईंनी लगेच औषध सुरू केलं, पुण्याचा रिपोर्ट आल्यावर बदललं. ताप उतरला, पोर पोटात टिकलं. दिवस भरल्यावर मुलगी झाली, गुटगुटीत.

बारशाचं आवतण द्यायला सगुणाबाई आल्या. बाईंसमोर तीच लाल झाकणाची बाटली ठेवली, घरच्या तुपानं गच्च भरलेली.

"राखेनं घासलीया. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं?"

बाईंनी बाटली बाजूला सारली. संध्याकाळी बाईंना न्यायला त्यांचे मिस्टर येऊन गेले; मागून मी बाटली टाकायला म्हणून शोधली, तर जागेवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंचे मिस्टर दवाखान्यात आले. बोटं चाटायचीच काय ती बाकी होती.

"मावशी, काय रवाळ तूप हो. अजून एक बाटली मिळेल का?"