मॅनेजरचे कागद

आमच्या गल्लीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर पेंटरकाकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शटर, मागे मोरी आणि खाट, आणि मधल्या भिंतीला टेकवून ठेवलेले रंगवलेले, अर्धे रंगवलेले आणि कुणी न्यायलाच न आलेले पत्रे. चाळीस वर्षं काकांनी गावाच्या पाट्या रंगवल्या. दवाखाना कुठे, शाळा कुठे, गाडी कुठे लावू नये, हे सगळं गावाला त्यांच्याच अक्षरात कळायचं. मग छापील बोर्ड आले आणि काकांचं काम हळूहळू आटत गेलं. शेवटी शेवटी महिन्याला एखादी नंबरप्लेट, तीही कुणाची तरी ओळख म्हणून.

दुकानाच्या पायरीवर त्यांचा कुत्रा बसायचा. काम काडीचं नाही, पण शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत हजर. आलेल्या गिऱ्हाइकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचं आणि एक सुस्कारा सोडून मान फिरवायची. म्हणून त्याचं नाव पडलं मॅनेजर.

काकांनी लग्न केलं नव्हतं. त्यांची मोठी बहीण लग्न होऊन सीमेपलीकडे गेलेली. काका तिला ताई म्हणायचे, म्हणून आम्हीही ताईच म्हणायचो. मेव्हणे वारल्यापासून ताई एकट्याच होत्या. काकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. दोघा भावंडांचं बोलणं सगळी गल्ली ऐकायची.

"किती दिवस त्या पत्र्यांकडे बघत बसणार आहेस? इकडे ये. वरची खोली रिकामी आहे," ताई म्हणाल्या.

"आणि मॅनेजर?"

"त्याला गल्ली सांभाळेल."

"मग मलाही गल्ली सांभाळेल."

लहानपणी ताईंच्या पोटरीला कुत्रा चावला होता. तेव्हापासून कुत्रा दिसला की त्या रस्ता बदलायच्या.

"आण," त्या शेवटी म्हणाल्या. "पण माझ्या अंगावर येता कामा नये."

"तो कुणाच्याच अंगावर जात नाही. तेवढा उत्साह नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी काकांनी सरकारी कचेरीत फोन लावला.

"मला मॅनेजरला सीमेपलीकडे न्यायचंय. कागद काय काय लागतील?"

"नोकरीसाठी जायचं असेल तर दुसरा मजला," पलीकडची बाई म्हणाली.

"नोकरी नाही करत तो. काहीच करत नाही. दिवसभर बसून असतो."

"मॅनेजर म्हणालात ना?"

"हो."

"मग बरोबर आहे. दुसरा मजला."

"बाई, त्याला शेपूट आहे."

थोडा वेळ नुसता टायपिंगचा आवाज आला. "मग तळमजला. पशुविभाग."

तळमजल्यावरून काका चार पानी यादी घेऊन आले आणि माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "झेरॉक्स, तीन प्रती काढ." मला ते दुकानाच्या नावानंच हाक मारायचे. यादी वाचून माझ्याच नाकी नऊ आले. कुत्र्याच्या मानेत चिप बसवायची. मग रेबीजची लस. महिन्यानं रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवायचं. रक्ताचा निकाल चांगला आला की तीन महिने थांबायचं. मग पशुविभागाचा परवाना. निघायच्या आधी दहा दिवसांत तब्येतीचा दाखला, आणि शेवटच्या चार दिवसांत जंताची गोळी, तीही डॉक्टरांच्या देखत.

"लस तर दिलेलीच आहे मागच्या महिन्यात," काका म्हणाले. "एक काम झालं."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी ते उडवून लावलं. बाई कमी बोलायच्या, आणि बोलायच्या ते कुत्र्याशी. मॅनेजरचे कान चाचपत त्या त्याला म्हणाल्या, "चिप आधी, लस नंतर. चिपच्या आधी दिलेली लस कुणाला दिली, हे सरकारला कसं कळणार? आता परत टोचून घ्यायचं." मॅनेजरनं सुस्कारा सोडला. पुढे त्याला ते सुस्कारे पुरले नाहीत.

काकांनी एक निळी फाइल आणली. तिच्यात रंगीत पुठ्ठ्याचे विभाग केले आणि प्रत्येकावर त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं: चिप, लस, रक्त, परवाना, किरकोळ. अर्जातला एकही रकाना ते रिकामा सोडत नसत. जिथे 'असल्यास' असं छापलेलं असे, तिथेही काहीतरी असायचंच.

रक्ताचा निकाल चांगला आला. तीन महिने सरले. परवान्याच्या वेळी मात्र घोडं अडलं.

पशुविभागातल्या साहेबांनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा वर करून विचारलं, "तीन कुत्रे आहेत का?"

"एकच आहे."

"कागदांवर तीन दिसतात. चिपच्या कागदावर रंग विटकरी. लसीच्या पुस्तकात बदामी. आणि अर्जात तुम्ही लिहिलंय, गेरू, पाठीवर काजळीची झाक."

झालं होतं असं, की चिप बसवली तेव्हा सकाळचं ऊन होतं. डॉक्टरबाईंनी रंग विचारला, काकांनी उन्हात दिसला तो सांगितला. लसीच्या वेळी नर्सनं ट्यूबलाइटखाली विचारलं, तेव्हा तो बदामी होता. अर्ज काकांनी दुकानाच्या पायरीवर बसून संध्याकाळी भरला होता.

"तिन्ही बरोबर आहेत, साहेब. उजेड वेगळा होता."

"नियमात उजेड नाही. काळा, पांढरा, तपकिरी, मिश्र. यातलं एक सांगा."

"मिश्र हा रंग नाही."

"मग तपकिरी."

"तपकिरीच मी बावीस जातींची वापरलीय. त्यातली कुठली?"

साहेब माणूस वाईट नव्हता, पण काकांच्या मागे रांग होती. त्यानं सांगितलं, प्रतिज्ञापत्र करून आणा. ते मीच टाइप करून दिलं, म्हणून मला पाठ आहे. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की, विटकरी, बदामी व गेरू (पाठीवर काजळीची झाक असलेला) हे तीन कुत्रे नसून एकच कुत्रा आहे, आणि यापुढे सर्व शासकीय कामांसाठी मी त्यास तपकिरी मानीन.' वकिलाच्या टेबलापाशी पेन हातात धरून काका पाच मिनिटं बसले होते. सही करून बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड कुणाच्या तरी मयतीला जाऊन आल्यासारखं झालं होतं. दोन दिवस ते मॅनेजरच्या नजरेला नजर देत नव्हते.

मग पिंजरा. गाडीत कुत्रा सामानाच्या डब्यातून जाणार, म्हणून पिंजरा हवा, आणि त्यात कुत्र्याला नीट उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे. कोपऱ्यावरच्या सुतारानं मॅनेजरचं माप घेतलं आणि असा दणकट पिंजरा केला की त्यात वासरू मावलं असतं. काकांनी चारही बाजूंनी 'जिवंत प्राणी' आणि वर दिशा दाखवणारे बाण रंगवले. लांबून बघितलं तर एखाद्या पेढीची पाटी वाटावी.

मॅनेजर मात्र आत जाईना. बिस्किट टाकलं, तर पुढचे दोन पाय आत टाकून, मान लांबवून तेवढं उचललं आणि मागे आला. काकांचा जुना स्वेटर अंथरला, तर तो तोंडानं बाहेर ओढून त्यावर बसला. एका दुपारी मी प्रती द्यायला गेले तर दुकानात कुणीच नाही. पायरीवर मॅनेजर, आणि पिंजऱ्यातून आवाज आला, "प्रती फाइलवर ठेव." काका गुडघे पोटाशी घेऊन आत बसले होते.

"तुम्ही काय करताय?"

"दाखवतोय त्याला. आतमध्ये चांगलं आहे, हवा येते."

तेवढ्यात शेजारचे शिंपी आपल्या दुकानाच्या पाटीची चौकशी करायला आले. त्यांनी पायरीवर बसलेल्या मॅनेजरकडे पाहिलं, पिंजऱ्यातल्या काकांकडे पाहिलं, आणि भल्या माणसानं एकही प्रश्न न विचारता वाकून पाटीचं माप सांगितलं. काकांनी आतूनच लिहून घेतलं. शिंपी गेल्यावर मॅनेजर उठला, सावकाश पिंजऱ्यात शिरला आणि काकांच्या पायांवर अंग टाकून झोपला. आता काकांना बाहेर येता येईना. मी आणि सुतारानं मिळून त्यांना खांद्याला धरून ओढून काढलं. पण त्या दिवसापासून मॅनेजरला पिंजरा इतका आवडला की तो पायरीवर बसेनासा झाला.

दाखला झाला, गोळी झाली. काकांनी दुकान रिकामं केलं, पत्रे भंगारात दिले, महिनाअखेरीस मालकाला द्यायची म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवली. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. चौघांनी पिंजरा चढवला. गाडी सुटल्यावर सुतार डोळे पुसत म्हणाला, "चांगलं लाकूड होतं."

पुढचं मला काकांनी आणि ताईंनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जुळतं तेवढंच सांगते.

सीमेवरच्या स्टेशनात एक लांब हॉल आहे. मधे कठडा, अलीकडे तपासणीची टेबलं, पलीकडे घ्यायला आलेली माणसं. ताई पलीकडे उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून. अधिकारी बाईंनी निळी फाइल उघडली, एकेक विभाग उलटला, मॅनेजरच्या मानेवरून यंत्र फिरवून चिपचा नंबर जुळवला. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून फाइल दाखवली. "वीस वर्षांत असे कागद बघितले नाहीत," त्या म्हणाल्या. काका फुलून गेले.

"तुमचा पासपोर्ट?"

काकांनी दिला. तिकडे जायला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट पुरतो. बाईंनी पहिलं पान पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"हा अकरा दिवसांपूर्वी संपलाय."

काकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी कानामागे हात धरला. बाईंनी मोठ्यानं सांगितलं, "कुत्रा जाऊ शकतो. तुम्ही नाही."

हे कठड्यापलीकडेही ऐकू गेलं. "काय म्हणतायत त्या?" ताईंनी ओरडून विचारलं.

दाखल्याची मुदत दहा दिवसांची. मॅनेजरला परत न्यायचं तर दाखला, गोळी, सगळं पुन्हा. बाईंनी फाइल चाळली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. 'पलीकडे ताब्यात घेणारी अन्य व्यक्ती, असल्यास.' काकांनी तिथे ताईंचं नाव, पत्ता, फोन, सगळं टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"मी? अरे, मी त्याला हात लावणार नाही," ताई म्हणाल्या.

"हात नको लावूस. चाकाच्या गाडीवर ठेवून देतील."

"तुला सहा महिने मिळाले. स्वतःचा पासपोर्ट एकदा उघडून बघता आला नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

पण त्यांनी सही केली. मॅनेजर पिंजऱ्यात पडल्या पडल्या सीमा ओलांडून गेला. काका अलीकडे रिकाम्या हातानं उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आले, तर समोरच्या पायरीवर काका बसलेले. मी काही न विचारता किल्ली दिली. पासपोर्टच्या कचेरीत ते नवी फाइल घेऊन गेले, पाच विभागांची. तिथल्या कारकुनानं त्यातले दोन कागद काढून घेतले आणि बाकी फाइल परत दिली.

"एवढंच?" काका म्हणाले. "रक्त वगैरे?"

"कशाला?"

"नाही, विचारलं आपलं."

तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी ताईंचा फोन, आणि गल्ली कान लावून.

पहिल्या दिवशी: "मी जिन्यावर उभी आहे. काठीनं पिंजऱ्याचं दार उघडलंय. तो बाहेरच येत नाही."

"त्याला आत आवडतं."

"मग मी खाली उतरू का?"

"उतर."

"नको. बिस्किटाचा डबा वरच आहे माझ्याजवळ."

चौथ्या दिवशी: "मी भांडी घासत होते. मागे वळून बघते तर हा उभा. बघतोय नुसता. मग सुस्कारा सोडला. माझ्या घासण्यात काय कमी होतं रे?"

"सगळ्यांनाच करतो तसं. मनावर घेऊ नकोस."

दहाव्या दिवशी त्यांनी आवाज उतरवून विचारलं, त्याच्या कानामागे खाजवलं तर चालतं का. काकांनी चालतं म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मला म्हणाले, "झेरॉक्स, मी जाईपर्यंत तो मला विसरेल." मी म्हटलं, तीन आठवड्यांत कुणी विसरत नाही. पण मला कुत्र्यांचं काय कळतंय.

दुसऱ्या खेपेला स्टेशनवर मी एकटीच गेले. सामान म्हणजे एक पिशवी. पासपोर्ट त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी चाचपत होते.

त्याच दिवशी त्यांचा फोन आला. हॉल पार करून ते बाहेर पडले, तर फाटकाशी ताई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात दोर होता, त्यांच्याच घरातल्या झग्याच्या कमरेचा. दुसऱ्या टोकाला मॅनेजर. काका खाली बसले. मॅनेजरनं त्यांचे बूट हुंगले, पँट हुंगली, शर्टाचा खिसा हुंगला. मग एक भलामोठा सुस्कारा सोडला आणि डोकं त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं.

"ऊठ आता," ताई म्हणाल्या. "त्याची जेवायची वेळ झालीय. उशीर झाला की तो माझ्याकडे असं बघतो, की नको वाटतं."

दोर ताईंनी काही सोडला नाही. पुढे मॅनेजर, मागे ताई, आणि पिशवी घेऊन त्यांच्या मागे काका, असे ते घराकडे निघाले. रस्ता काकांना नवा होता. चालता चालताच फोनवर हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले की वळणावर एक पाटी आहे, तिच्यातलं अक्षर फार वाईट आहे, आणि उद्याच जाऊन ते कुणाकडे तरी बोलणार आहेत.