घडीला ऊन दाखवलं

पाटलिणीनं काठीच्या टोकावर माझ्या आईची घडी उचलली आणि कापूस वेचणाऱ्या सगळ्या बायांपुढे धरली. बारा-चौदा बाया असतील. कमरेला झोळ्या, झोळ्यांत कापूस. बांधावर दोन गडी बैलगाडी जुंपत होते. त्यांच्याही पुढे धरली.

"कोनं शे हाई?"

सगळ्या जणी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभ्या. आई माझ्या शेजारी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

घडी म्हणजे काय, ते सांगते. लाजायचं वय गेलं माझं. बाई महिन्याला बाहेर बसते तेव्हा जुन्या लुगड्याची पट्टी दुमडून, कमरेच्या दोरीत खोचून लावते. तिला आम्ही घडी म्हणायचो. एकदाच वापरून फेकायला आम्ही कोण लागून गेलो? धुवायची, वाळवायची, पुन्हा लावायची. आम्हा मायलेकींत मिळून चार घड्या. तेव्हा लढाई चालू होती, इंग्रजाची. कापड कंट्रोलवर, मोजून मिळायचं. अंगावरचं फाटलं तर ठिगळाला चिंधी मिळत नव्हती, तिथं घडीला कुठून आणणार?

धुवायची तरी कशी? चोरासारखी. अंधूक असताना नाल्यावर जायचं, राखेनं चोळायचं, पिळायचं आणि घरी आणून छपराच्या वळचणीत खुपसून ठेवायचं. वर केरसुणी. ऊन नाही, वारा नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस वाळायचं नाही. ओलंच लावायचं. किडे-मुंग्या निघाल्या तर झटकायचं आणि लावायचं. कडा वाळून पत्र्यासारख्या व्हायच्या. त्यावर दिवसभर कापसात चालायचं.

आणि भीती. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण हे धडे मला पाठ होते. घडीवर पुरुषाची नजर पडली तर तो आंधळा होतो. सापानं ती ओलांडली तर बाई वांझ होते. डाकिणीच्या हाती लागली तर कूस बांधली जाते. मला न्हाण येऊन वर्षच झालं होतं. त्या वर्षात मी सापापेक्षा त्या चिंधीला जास्त भ्यायले.

त्या वर्षी आईच्या मांड्या सोलवटल्या. आधी खाज, मग पुरळ, मग पू. अंगात कणकण. ती पाय फाकवून चालायची आणि बाया हसायच्या. वासानं कोणी शेजारी बसेना. शेवटी कापसाच्या गाडीवर बसून मी तिला शहाद्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या नर्सबाईंनी पडद्याआड नेलं, बघितलं. नाकाला पदर लावला नाही, हे मला अजून आठवतं. त्यांना नाही, आम्हाला नवल वाटलं. काय वापरता, कुठं वाळवता, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "रोग तुमच्यात नाही बाई, त्या ओल्या कपड्यात आहे. उकळा आणि कडक ऊन दाखवा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हे आत पोटात जाईल. मग माझ्याकडे औषध नाही."

आई कशीनुशी हसली. म्हणाली, "कोनी देखं ते?"

कोणी बघितलं तर, हीच तिची धास्ती. नर्सबाईंनी मलमाची डबी दिली.

परतताना गाडीत मी मनात घोकत होते. पोटात जाईल. औषध नाही. मग आईचं काय? तेव्हा पहिल्यांदा दोन भीती माझ्या आत भांडायला लागल्या. एक, घडी उघडी टाकायची. दुसरी, आई मरायची. दुसरी मोठी निघाली.

आई ऐकणार नव्हतीच. मीच उठले. फुटक्या मडक्यात पाणी उकळलं. घाई इतकी, जीव इतका मुठीत, की पहिल्यांदा गार पाण्यानं खळबळायचं विसरले. रक्ताचं कापड थेट उकळत्या पाण्यात टाकलं. रक्ताला आधी गार पाणी लागतं, हे आमच्याकडं पोरीबाळींना ठाऊक. मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाबरलेल्या माणसाला काय आठवतं डोंबल? डाग शिजला. काताच्या रंगाचा झाला, तो कधी गेलाच नाही. नुसती चिंधी म्हणून खपली असती, ती आता आंधळ्यालाही ओळखू आली असती.

तशीच नेली. वेचणी चालू होती त्या शेताच्या मागल्या बाजूला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. तिथं कोणी जात नसे. तिथं पसरली. दोन वापरात, दोन काट्यांवर, अशा पाळीपाळीनं. दुपारच्या भाकरीच्या सुटीत मी राखण करत बसायची. पाखरू फडफडलं तरी दचकायची.

दुसऱ्या दिवशी एक गडी बैलांना पाणी पाजायला त्या वाटेनं आला. त्यानं घडीकडं सरळ बघितलं. आता हा आंधळा होणार आणि पाप माझ्या माथी. सगळा दिवस मी त्याच्या डोळ्यांकडं बघत काढला. तिसऱ्या दिवशी तोच गडी लांबून मला ओळखून हाका मारत होता, झोळी भरली का म्हणून. डोळे शाबूत. मी रडले की हसले, सांगता येत नाही. कोणीतरी खोटं बोललं होतं माझ्याशी. माझ्या आईशी. तिच्या आईशी.

दहा-बारा दिवसांत आईच्या जखमांना खपली धरली. आणि त्यानंतर पाटलीण कापूस बघायला आली.

तेव्हा मी तिला बाई म्हणायची. आता म्हणत नाही. आमचा बाप त्यांच्याकडं सालदार होता, वर्षभराचा बांधलेला गडी. तीच भाकर आमची. ती कुंपणापर्यंत कशाला गेली, देव जाणे. काठीवर घडी घेऊनच आली. आधी वाटलं, कापूस बाटला म्हणेल. म्हणालीच. बोंडं लाल पडतील, अवदसा लागेल, सगळं म्हणाली. बाया ऐकत होत्या. तेवढ्यावर भागलं असतं. पण तिची नजर घडीच्या काठावर गेली. हिरवा काठ, त्यात पिवळी रेघ.

"हाई मन्हं लुगडं शे," ती म्हणाली.

होतं. दिवाळीला तिनंच दिलं होतं. दिलं म्हणजे ओट्यावरून खाली टाकलं होतं, आईनं पदर पसरून झेललं होतं. मधोमध विरलेलं, नेसायच्या लायकीचं नव्हतंच. धड होता तेवढा भाग आईनं डोक्यावर घ्यायला ठेवला. विरला होता त्याच्या घड्या केल्या. आणखी काय करायचं त्याचं, पूजा?

पण तिला ते लागलं. तिच्या अंगावरचं कापड आमच्या अंगाला तिथं लागलं, हे तिला लागलं. तिचं तोंड असं झालं जसं आम्ही तिलाच त्या काट्यांवर वाळत घातलं. आईनं मान खाली घातली, तेव्हाच ती समजली कोणाची ते. काठी आईच्या दिशेनं वळवली.

"आंगवर शे ते बी काढ. मन्हं माले परत दे."

तिला कसं कळलं, की आईला तो दुसराच दिवस होता? बाईला बाईचं कळतं. त्याच कळण्याचं तिनं हे केलं.

आणि माझी आई निघाली. खरंच निघाली. हात कमरेकडं, पाय तुरीच्या ओळीकडं, आडोशाला. गडी गाडी जुंपायचे थांबले होते. एका बाईनं डोळे मिटले. कोणी एक शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही. आधी नाही. मग आई तुरीपाशी वाकली आणि मला तिच्या मांडीवरची खपली दिसली. माझ्या हातानं मलम लावलेली.

मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"नही देस," मी म्हणाले. "मन्ही माय काढस नही."

आवाज फाटका निघाला. बोकडासारखा. पण निघाला. पाटलिणीनं मला मारलं नाही, मारायला शिवावं लागलं असतं. तिनं घडी धुळीत फेकली, वर काठी टाकली आणि बापाला सांगायला सांगितलं की उद्यापासून बैलांना हात लावू नको. मी घडी उचलली. आईला हाताला धरून भरल्या शेतातून घरी आणलं. मागं वळून बघितलं नाही. धीर नव्हता म्हणून.

बाप भिंतीला टेकून बसला. माझ्याकडं बघतही नव्हता. मला वाटत होतं, मी घराच्या चुलीत पाणी ओतलं. भूक, उपास, आणि सगळं माझ्या एका तोंडामुळं. मी रडत होते आणि तरी मनात तेच होतं, की मी बोलले ते बरोबर होतं.

सकाळी उठले तर आई घरात नव्हती. वळचणीत हात घातला, घड्या नव्हत्या. एकही. थोड्या वेळानं आई आली आणि मागोमाग बाप वैरण काढायला निघून गेला. म्हणजे साल राहिलं होतं. तिनं चारी घड्या धुऊन, पिळून, पाटलिणीच्या मागल्या दारी ठेवल्या होत्या. पाया पडली होती. अंगावरचीसुद्धा ठेवली होती. शेजारणीनं नंतर सांगितलं, पाटलिणीनं त्या काठीनं ढकलत जाळल्या. आम्हाला कापड मिळत नव्हतं, आणि तिनं जाळलं.

आई कोपऱ्यात बसली, तशी कण्हली. मी विचारलं काय लावलंस. ती सांगेना. मी बघितलं. गोणपाटाचा तुकडा होता. धान्याच्या पोत्याचा. खपल्या निघून रक्त आलं होतं, ते पाळीचं नव्हतं.

तेव्हा मला जी भीती वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही. पाटलिणीची नाही, सापाची नाही, डाकिणीची नाही. मला माझ्या आईची भीती वाटली. उद्या मी हीच होईन. आपण होऊन काढून नेऊन देईन. आणि माझी पोरगी गोणपाट लावेल.

पेटीत माझ्या लग्नाचं लुगडं होतं. मामानं तळोद्याच्या दुकानापुढं दोन दिवस रांगेत उभं राहून मिळवलेलं. कोरं. लाल. वैशाखात नेसायचं. मी ते काढलं आणि काठाला दात लावला.

"काय करी ऱ्हायनी तू?" आई ओरडली.

मी फाडलं. कोऱ्या कापडाचा आवाज मोठा होतो, शेजारी ऐकू जातो. आई माझ्या हाताला लोंबकळली, मामा तोंड बघणार नाही म्हणाली, सासरचे दारात उभं करणार नाहीत म्हणाली. सगळं खरं होतं. मी आठ घड्या केल्या. चार तिच्या, चार माझ्या. एक तिथंच तिच्या हातात दिली आणि गोणपाट माझ्या हातानं चुलीत घातलं.

लग्न मी जुन्या लुगड्यात केलं. मामा आला नाही. ते सोसलं.

भीती गेली, असं कोणी समजू नये. पण भीत भीतच मी ठरवलं ते ठरवलं. माझ्या अंगाचं जे आहे ते मी कोणाला काढून देणार नाही. मागणारी पाटलीण असो, नवरा असो, की पाया पडणारी माझी स्वतःची आई.