फुगलेली तीस पुस्तकं

“न बघताच काढून टाकू? आत काय आहे ते तरी बघू द्या.”

“बाई, त्यात बघायचं काय? आकाराप्रमाणे यादी लावून दिलीय. वरची तीस पुस्तकं निवडा, ‘हटवा’ म्हणा, डिस्क मोकळी. पाच मिनिटांचं काम.”

“पाच मिनिटांचं आहे तर तुम्हीच का नाही करत?”

संगणकवाला नुसता हसला. चहाचा कप खाली ठेवला, दुसऱ्या कचेरीत जायचंय, चारला येतो, असं म्हणून जिना उतरला. वाचनालयात त्याला जावईबापू म्हणत. यायचं, खुर्चीत बसायचं, चहा घ्यायचा, कशाला हात लावायचा नाही आणि जाता जाता दोन शब्द सुनावायचे. अशा माणसाला दुसरं काय म्हणणार?

त्याने ज्या बाईला सुनावलं, तिचं नाव पडलं होतं पोलीसबाई. देवघेवीच्या टेबलावर तिची एकतीस वर्षं गेली होती. परत आलेलं पुस्तक तिने कधी तसंच कपाटात जाऊ दिलं नाही. आधी पाठ धरून झटकायचं, मग पहिलं पान, शेवटचं पान, मग मधली चित्रं. कुणी ब्लेडने चित्र कापलेलं असलं, की वाचक दाराबाहेर पडायच्या आत त्याला हाक जायची. “ते आधीपासूनच तसं होतं,” हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की समोरच्याने तोंड उघडलं की तीही त्याच्याबरोबर ते म्हणून दाखवायची. घरीही तीच गत. दुधात बोट बुडवून बघायची, इस्त्रीहून आलेल्या सदऱ्यांची बटणं मोजायची. नवरा सुनेला सांगायचा, “तुझ्या सासूने मलाही पानं मोजूनच घेतलंय. दोन कमी भरली, ती अजून ऐकवते.”

दीड वर्षापूर्वी जुनी पुस्तकं स्कॅन होऊन संगणकात गेली आणि त्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रामही तिच्याच गळ्यात पडला. वाचनकक्षात चार संगणक मांडले होते. वाचकाने पुस्तक मागितलं, की तिने आपल्या टेबलावरून त्याची प्रत तिकडे पाठवायची. आता डिस्क तुडुंब भरली होती, पडद्यावर ‘जागा संपली’ अशी लाल पाटी झळकत होती. आठ दिवस झाले, एक नवं पुस्तक आत शिरत नव्हतं. सकाळी ग्रंथपालसाहेबांनी तिला खोलीत बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, की चारपर्यंत जागा झाली नाही तर हे काम जावईबापूंच्या कंपनीकडे जाईल, आणि निवृत्तीपर्यंतचे आठ महिने बाईंनी तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सांभाळावेत. तळघराला अठ्ठावीस पायऱ्या होत्या. तिचे गुडघे चौदाव्या पायरीलाच संपावर जायचे.

म्हणूनच तिला या पाच मिनिटांच्या कामाचा वास येत होता. जागा झाली नाही तर काम कुणाला मिळणार? जावईबापूंना. जागा झाली, पण भलतंच काही उडालं, तर ठपका कुणावर? तिच्यावर. म्हणजे फासा कसाही पडो, दान त्याचंच.

तिने चष्मा पुसला आणि यादीतलं पहिलं पुस्तक उघडलं. शिवणकामाचं जुनं सचित्र पुस्तक. वजन नऊ जीबीच्या वर. तिने स्कॅन केलेलं कुठलंही पुस्तक दोनशे एमबीच्या पुढे जात नव्हतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दोनशे पानांच्या पुस्तकाला असा काय सूज आल्यासारखा आकार? कुणीतरी आत सिनेमे लपवलेत, हा पहिला संशय. तिने नावाखालची बारीक खूण दाबली आणि यादी खाली उलगडत गेली. एकाच पुस्तकाच्या बासष्ट प्रती.

पहिली प्रत उघडली. पहिलं पान, शेवटचं पान, मधलं चित्र. चाळिसाव्या पानावर बाहीच्या नकाशाशेजारी शाईचा डाग, कुठल्यातरी शिंपिणीच्या अंगठ्याचा. दुसरी प्रत उघडली. तोच अंगठा, तिथेच. तिसरीतही तोच. पुढे बासष्टपर्यंत बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितल्या. दुसरं पुस्तक घरबांधणीच्या नकाशांचं, प्रती अठ्ठेचाळीस. तिसरं शाळेच्या परीक्षेचं गणित, प्रती एक्केचाळीस.

कुणीतरी बसून, वेळ काढून, ठरवून हे भरलं होतं. जागा संपली की मोठी डिस्क कोणाची कंपनी विकणार, ते तिला सांगायला नको होतं.

पण पोलीसबाईने पुराव्याशिवाय कुणाची कॉलर कधी धरली नव्हती. प्रत्येक प्रतीसमोर ती आत घेतल्याची तारीख होती. तिने शिपायाकडून दारावरची वही मागवली. जावईबापू जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तेव्हा तिथे त्यांची सही. एका हाताचं बोट पडद्यावर, दुसऱ्याचं वहीवर, अशी ती खाली सरकत गेली. एकही तारीख जुळेना. महिन्यातून दोनदा येणारा माणूस, आणि प्रती वाढल्या होत्या जवळजवळ दर आठवड्याला. शिपायावर नजर गेली. पण शिपायाला प्रोग्राम कुठून उघडतो हेही माहीत नव्हतं, आणि तो तिच्या नजरेला इतका सरावला होता, की आपल्यावर संशय आहे हे कळल्यावर पाणी आणून देऊन गेला.

मग दर आठवड्याला या पुस्तकाला हात कोण लावत होतं?

ते समजायला दुसरी वही होती, तिच्याच टेबलाच्या खणात. देवघेवीची. तिने ती उघडली आणि शिवणकामाचं पुस्तक परत आल्याच्या नोंदी काढल्या. पहिली तारीख जुळली. दुसरी जुळली. दहाव्या तारखेपर्यंत एकही चुकली नाही. प्रत्येक नोंदीपुढे एकच आद्याक्षर होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

एकतीस वर्षांची सवय. वाचकाचं वाचून झालं, की पुस्तक परत आलं. परत आलं, की ते आपल्या जागी गेलं पाहिजे. म्हणून वाचनकक्षातल्या संगणकावरची प्रत ती रोज इमानेइतबारे उचलून पुन्हा संग्रहात दाखल करत होती. प्रोग्राम दर वेळी विचारायचा, “हे पुस्तक आधीच संग्रहात आहे. तरी दाखल करायचं?” आणि ती दर वेळी मनात म्हणायची, आहेच की, आपलंच आहे, घरी आलंय बिचारं. आणि ‘हो’ दाबायची. मूळ पुस्तक आपल्या जागेवरून हललेलंच नव्हतं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही. जे पुस्तक जास्त वाचलं गेलं, ते जास्त फुगलं.

तिने पदर खोचला आणि ती कामाला लागली. तीस पुस्तकांची प्रत्येकी पहिली प्रत ठेवली, बाकीच्या निवडून हटवल्या. लाल पाटी तरीही हटेना. हटवलंय म्हणतंय, मग गेलं कुठे? तिने शोधलं. सगळ्या प्रती कचरापेटीत गपगुमान बसल्या होत्या. ती पेटीही तिने वरून खालपर्यंत चाळली, एकही मूळ प्रत चुकून आली नाही ना ते बघितलं, आणि मगच रिकामी केली. चारला दहा कमी असताना पाटी गेली.

चारला साहेब आणि जावईबापू बरोबरच आले. साहेबांनी पडद्यावरची मोकळी जागा बघितली, भुवया उंचावल्या.

“एवढ्या प्रती कोणी घातल्या होत्या बाई?”

तिच्या जिभेवर वाक्य आलं, आणि ते कोणाचं आहे ते तिने ओळखलं. आधीपासूनच तसं होतं. नव्या प्रोग्रामचा कोणी भरवसा द्यावा? जावईबापूंच्या माथी मारायलाही जागा होती.

“मी,” ती म्हणाली. “परत आलेलं पुस्तक आत ठेवायची सवय. दर वेळी ठेवत गेले.”

जावईबापूंच्या ओठांच्या कडा हलल्या.

“हसू नका. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वरची तीस न बघता काढली असती, तर वाचनालयात सगळ्यात जास्त वाचली जाणारी तीसच्या तीस पुस्तकं मुळासकट गेली असती. आत बघायचं काय, म्हणत होतात ना? हे बघायचं.”

जावईबापूंची नजर चहा शोधू लागली, पण या वेळी त्यांच्यापुढे कप नव्हता. साहेबांनी देवघेवीची वही उघडली, तिच्या आद्याक्षरांवरून नजर फिरवली, वही मिटून तिच्याच खणात ठेवली. तळघराचं राहू द्या, म्हणाले. मात्र उरलेली यादीही अशीच बघून घ्या, तिसाच्या खालीही काही फुगलेलं असेल.

“असणारच,” ती म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातली शिंपीण आली. बाहीचा तोच नकाशा हवा होता, आज एका गिऱ्हाइकाने घोळ घातला होता. पोलीसबाईने प्रत वाचनकक्षात पाठवली. अर्ध्या तासाने शिंपीण गेली, तेव्हा पोलीसबाईचा हात आपसूक त्या प्रतीकडे वळला. प्रोग्रामने विचारलं. ती पडद्याकडे संशयाने बघत राहिली, मग ‘नाही’ दाबलं. वाचनकक्षात जाऊन तिकडची प्रतही काढून टाकली.

परत येऊन बसली, तोवर टेबलावर कुणीतरी एक खरंखुरं पुस्तक ठेवून दाराकडे निघाला होता.

“ओ, थांबा जरा,” ती म्हणाली, आणि पाठ धरून तिने पुस्तक झटकलं.