इथे कुणी सुषमा नाही

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे ते तिलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मी तिचं नवं नाव लिहिलं — मानसी. माहेरची ती सुषमा. घर इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागात, वडील कापड मिलमध्ये साळखात्यात, मागावर. मी नुकताच एका खासगी कंपनीत लागलो होतो. मित्र हनिमूनला पचमढीला जायचे, म्हणून मी मुद्दाम समुद्र निवडला, दीव बेट. ऐट होती, दुसरं काय.

पहिल्याच सकाळी रिक्षा ठरवून आम्ही बेट बघायला निघालो. किल्ल्यावर मी हाक मारली, मानसी — ती समुद्राकडेच बघत राहिली. पुन्हा मारली. मग दचकून वळली. नवं नाव अंगवळणी पडायला वेळ लागतो, इतकी साधी गोष्ट. पण माझ्या डोक्यात शिरलं — ही कुणाच्या विचारात आहे? त्यानंतर मी बेट बघितलंच नाही, तिलाच बघत होतो. गंगेश्वरला, समुद्रकाठच्या देवळात, लाटा पिंडींवरून जात होत्या, तिने डोळे मिटून हात जोडले. कुणासाठी? रिक्षावाल्याने दोन फाटे फुटलेली ताडाची झाडं दाखवली, ती हसली, तर तेही मला खुपलं.

दुपारी फोनचा बूथ दिसला तशी ती म्हणाली, "अहो, घरी एक फोन लावून घेऊ का? मिलचं काही पक्कं नाहीये, बाबा टेन्शनमध्ये होते."

त्यांच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी पीसीओ होता, तिथून निरोप जायचा. मी म्हटलं, उद्या बघू. मनात म्हटलं — बाबा, की आणखी कुणी?

लॉजवर परतल्यावर ती पायाची वाळू धुवायला वर गेली. काउंटरवर मॅनेजरने रिसीव्हर पुढे केला, इंदूरहून कुणा सुषमासाठी फोन आहे म्हणाला. मी घेतला. तरुण पुरुषाचा आवाज, इंदुरी हिंदी.

"भिया, जरा सुषमा को बुला दो, अर्जंट है."

नुसतं सुषमा. ताई नाही, जी नाही.

लॉजचा नंबर मीच तिच्या घरी देऊन आलो होतो, दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता — हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं का? होतं. तरी म्हणालो, "यहाँ कोई सुषमा नहीं है." आणि फोन ठेवला. मॅनेजरला सांगितलं, पुन्हा आला तर हेच सांगा. मग वर जाऊन तिच्याशी गोड बोललो.

तो शेजारचा मुलगा होता. लहानपणापासून ती त्याला राखी बांधायची. त्या दिवशी मिलच्या फाटकाला टाळं लागलं आणि तिचे वडील तिथेच कोसळले. दवाखान्यात ते दोन दिवस होते, लेकीचं नाव घेत — जुनं नाव. तिचा फोन मी रोज उद्यावर ढकलला; आम्ही ठरल्याप्रमाणे सगळं बघून परतलो, तेव्हा माहेरच्या घरात कोपऱ्यात पिठावर दिवा ठेवलेला होता.

तिने मला कधी विचारलं नाही. दोष नावाला दिला. त्याने सुषमा विचारली आणि तिथे तर मानसी होती, लॉजवाला तरी काय करणार — असं ती आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी शेजारी बसून मान डोलावतो.

मुलाच्या लग्नात ताटात तांदूळ आले, तशी ती पुढे झाली. नाव बदलायचं नाही म्हणाली, आई-बाप ज्या नावाने हाक मारतात तेच राहू दे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बरोबर आहे. व्याही हात जोडून म्हणाले, असा सासरा नशिबाने मिळतो.

तेव्हा ती त्यांना हळूच म्हणाली, "माझ्या बाबांच्या वेळेपासून यांच्या मनाला लागलंय ते."

आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी ते कौतुक घेतलं.