इमॅन्युएलची जागा

नाच सुरू करण्याआधी एस्तेर रिंगण मोजायची आणि दरवेळी एका माणसाची जागा मोकळी सोडायची. आम्ही राहतो त्या बुकित पंजांगच्या कम्युनिटी क्लबमध्ये माझी मुलगी सई तिच्याकडे शिकत होती. मला रिकामं बसवत नाही, म्हणून मी हजेरी घ्यायला लागले. महिन्याभरात खुर्च्या, पाणी आणि दाराची किल्लीही माझ्याकडे आली.

"ही जागा कुणाची?" मी विचारलं.

"माझ्या भावाची. इमॅन्युएलची. येतोय तो."

मी वहीत त्याचं नाव घातलं आणि सहा शनिवार त्यापुढे फुली मारली.

एस्तेर पूर्व काँगोतली. लढाईत गाव सोडून पळाली, एवढं मला ठाऊक होतं. तिचा नाच त्या वाटेचाच होता: डोक्यावर ओझं, काखेत मूल, सारखी मागे वळणारी मान. कॉन्डोतल्या, सुखवस्तू घरांतल्या मुलींवर ती डाफरायची, "एमआरटीची गाडी पकडायला निघालात का? मागे बंदुका आहेत! मला सुंदर पाय नकोत, दमलेले हवेत."

ढोल तिचा नवरा पॅट्रिस वाजवायचा. नाच मोकळ्या जागेपाशी आला की तो दोन ठोके द्यायचा आणि थांबायचा.

"इथे पुढचं विसरता का?"

"विसरत नाही, विद्या. विचारतो."

काय विचारतो, ते मला कळलं नाही.

क्लबात वर्गाच्या नाचाचा कार्यक्रम होता, त्या दिवशीही इमॅन्युएल आला नाही. विंगेतून ते रिंगण पडलेल्या दातासारखं दिसत होतं. शाळेत मी सहा वर्षं लेझीम खेळलेली. रांगेत जागा पडली की मागच्याने पुढे व्हायचं, हे अंगात भिनलेलं. दोन ठोके पडले आणि मी त्या जागेत शिरले. दोन पावलं टाकली, लेझमीचीच.

ढोल थांबला. एस्तेर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनेच टाळीवर ताल धरला, पॅट्रिसने तो उचलला आणि नाच पुरा झाला.

"मम्मी, व्हाय यू लाइक दॅट?" सई चिडली. "पॅट्रिस अंकल वॉज क्रायिंग, लाह!"

खुर्च्या आवरताना एस्तेरने सांगितलं. पळताना इमॅन्युएल नदीपाशी हरवला. "आमच्या घरात हरवलेल्याची जागा राखतात. ढोल विचारतो, आहेस का? तो गेला असं घराने मानलं, की दुसरं कुणी तिथून उत्तर देतं."

"म्हणजे मी..."

"हो. आठ वर्षं आमच्यात कुणाची छाती झाली नाही." मग म्हणाली, "आणि पाय किती वाईट तुझे!" ती हसली की रडली, मला ओळखता आलं नाही.

पुढच्या शनिवारी मी लांब उभी राहिले. तिने मनगट धरून मला त्याच जागेवर आणलं. "तो आला की बाजूला हो."

"म्हणजे तो आहे, असं तू धरतेस?"

"पायांकडे बघ."

दोन वर्षांनी पॅट्रिसची नोकरी संपली, इथे राहायचा पास संपला आणि त्यांना देश सोडावा लागणार होता. शेवटच्या वर्गानंतर मी वही पुढे केली. त्या कार्यक्रमापासून इमॅन्युएलचे सगळे रकाने कोरे होते.

"इथे काय लिहू?"

तिने वही मिटून परत दिली. "किल्ली तुझ्याकडेच ना? जरा थांबून बंद कर."

क्लबचा हॉल सहाला बंद करायचा असतो. त्या दिवशी मी सव्वासहापर्यंत दारात उभी होते. का, ते मला अजून सांगता येत नाही.